एकाच फोनवरून दोन अर्ज

थोरल्या दादाने मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला, कारण सुरुवातीला त्याला ती गंमतच वाटली.

सगळे जेवत होते. वहिन्यांचा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता. तो लागोपाठ दोनदा वाजला, आणि पाण्याची बाटली काढायला उठलेल्या दादाने तो उचलला.

"'आपल्या चाचणीत नक्कल आढळून आल्यामुळे आपला अर्ज रद्द करण्यात येत आहे,'" त्याने शाळेतल्या मुलासारखं वाचलं. "'असे प्रकार इतर प्रामाणिक उमेदवारांवर अन्याय करतात.' अरे वा. दोन आलेत. एक हिच्या नावाने, एक धाकटीच्या. शब्दन् शब्द सारखा. म्हणजे मेसेजचीसुद्धा कॉपीच केली की यांनी."

"घरात टोळी पोसतोय आपण," धाकटा दादा म्हणाला. "आणि आपल्याला पत्ता नाही."

चिमीचा हात ताटातच राहिला. प्रामाणिक उमेदवारांचं ते वाक्य तिने लिहिलेलं होतं. लिहिताना ते तिला चांगलं ठसठशीत वाटलं होतं.

चिमी ही या दोघा दादांच्या पाठची बहीण. इंजिनिअर झाली, नोकरीला लागली, तरी घरात ती चिमीच राहिली. बायकांनी कॉम्प्युटर शिकावा आणि त्या क्षेत्रात नोकरी करावी म्हणून एक संस्था मोफत वर्ग चालवायची. चिमीची नोकरी तिथेच होती; ती शिकवायची आणि संस्थेची वेबसाइटही सांभाळायची. दोन्ही वहिन्यांनी अर्ज करावा म्हणून महिनाभर तिने घर डोक्यावर घेतलं होतं. दुपारी दोघी एकदम बाहेर गेल्या तर घर कोण बघणार, हा आईचा प्रश्न होता. शेवटी आईच कंटाळून म्हणाली होती, "जा बायांनो, एकदाच्या शिका, म्हणजे ही माझं डोकं खायचं थांबेल." आणि त्याच दिवशी समोरच्या दारातल्या बाईंना सांगून आली होती की आमच्या दोन्ही सुना आता कॉम्प्युटर शिकणार.

यंदा जागांपेक्षा अर्ज बरेच जास्त आले, म्हणून संस्थेने चाळणी परीक्षा ठेवली. घरबसल्या फोनवर सोडवायची दहा कोडी. त्यातला नक्कल पकडणारा भाग चिमीने एका बैठकीत लिहून टाकला. वेबसाइट प्रत्येक फोनवर किंवा लॅपटॉपवर स्वतःची एक खूण ठेवते. एकाच खुणेच्या दोन उत्तरपत्रिका आल्या की दोन्ही बाद, एवढा तो नियम होता. तिच्या कॉलेजात तो चालायचा. तिथे हॉस्टेलवरची मुलं स्वतःच्या लॅपटॉपवर मित्राचा पेपर लिहून द्यायची आणि या नियमात हमखास सापडायची. तिथे प्रत्येकाजवळ आपला आपला लॅपटॉप होता, त्यामुळे एका लॅपटॉपवरून दोन पेपर जायला दुसरं काही कारणच नव्हतं.

या घरात मात्र दोन सुनांत एक फोन होता. थोरलीचा फोन मागच्या वर्षी बंद पडला. "नवीन घेऊ या" असं तेव्हापासून घरात सगळे म्हणत होते. चिमी ऑफिसातून रोज त्या एका फोनवर बोलायची, आणि तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "कोण गं, थोरली की धाकटी?"

म्हणजे तिला माहीत होतं. नियम लिहिताना फक्त ते आठवलं नव्हतं.

आता ताटासमोर बसल्या बसल्या तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि तिचे कान तापले. परीक्षा संपल्यावर जवळपास एक तृतीयांश बायका नक्कल करताना सापडल्या होत्या. संस्थेच्या मॅडमना हा आकडा सांगताना चिमी जरा खूशच होती. "इतक्या?" मॅडमनी विचारलं होतं. आणि चिमी म्हणाली होती, "मोफत म्हटलं की असं होणारच." उमेदवारांच्या नावांकडे तिने पाहिलंसुद्धा नव्हतं. मेसेज आपोआप गेले होते.

"कॉपी म्हणजे?" आईने विचारलं. "परीक्षेत पोरं करतात ती?"

"तीच," थोरला दादा म्हणाला.

"या वयात?" आईने हात थांबवला. "आणि मी त्या समोरच्यांना सांगून बसले."

धाकटी वहिनी थोरलीकडे पाहत होती. थोरली वाढत होती, ती वाढतच राहिली.

"काहीतरी चूक असेल," चिमी म्हणाली. "मी बघते ना उद्या ऑफिसात."

तिला म्हणायचं होतं, की चूक माझी आहे. पण तोंडातून निघालं ते हे. आईपुढे, दोन्ही दादांपुढे, ज्यांना तिने महिनाभर पिडलं होतं त्यांच्यापुढे, 'मी मूर्खपणा केला' हे वाक्य तिला लगेच जुळवता येईना. अजून एक घास खाऊन सांगू, असं तिने ठरवलं. तेवढ्या एका घासाचाच उशीर झाला.

"बघू नकोस काही," थोरली वहिनी म्हणाली. तिने हातातला चमचा भांड्यात ठेवला. "चूक नाहीये. पाचव्याचं उत्तर मी सांगितलं हिला."

थोरल्या दादाने फोनवरून मान वर केली.

"ते तव्याचं कोडं," तिने चिमीकडे बघून सांगितलं, जणू चिमीला ते माहीतच नव्हतं. "तव्यावर पावाचे दोनच तुकडे मावतात आणि भाजायचेत तीन, दोन्ही बाजूंनी. एका बाजूला एक मिनिट. कमीत कमी किती मिनिटं? हिचं उत्तर चार येत होतं. मी तिला पाव घेऊन दाखवलं. अर्धा भाजलेला एक उतरवून ठेवायचा, तिसरा घालायचा, तीन मिनिटांत होतं."

"ताई, मी विचारलं होतं तुम्हाला," धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस. चिमी, तुझ्या मॅडमना म्हणावं, माझं नाव काढा. हिने बाकीचं सगळं स्वतः केलंय. हिचं काढू नका."

थोरल्या दादाच्या चेहऱ्यावरची गंमत गेली होती. "म्हणजे ते खरं आहे?" तो म्हणाला. उत्तराची वाट न बघता त्याने फोन परत फ्रिजवर ठेवला, पालथा. धाकट्या दादाने टोळीचा विषय पुन्हा काढला नाही. आईने फक्त एवढं विचारलं, की आता समोरच्यांना काय सांगायचं. चिमी पाणी प्यायली. आता बोललं तर वहिनीने उगाच स्वतःला उघडं पाडलं असं होईल, आणि नाही बोललं तर तिला चोर म्हणून ठेवल्यासारखं होईल. चिमीने पुन्हा पाणी ओतून घेतलं.

जेवणं झाल्यावर थोरली भांडी घासत होती. चिमी फडकं घेऊन पुसायला उभी राहिली. हे त्यांचं जुनं होतं. चिमी कॉलेजात होती तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून प्रोग्राम लिहीत बसायची, आणि थोरली तिच्या वाटची कामं उरकून मागे येऊन उभी राहायची. हे लाल का झालं? कंस राहिला म्हणून एवढं लाल? आणि मशीनला स्वतःला नाही लावता येत का तो कंस? चिमीला कधी कधी उत्तर यायचं नाही, मग ती शोधून काढायची आणि दुसऱ्या दिवशी सांगायची. वहिनी बारावीपर्यंत गणित घेऊन शिकलेली. पुढे काय करायचं होतं ते तिने कधी सांगितलं नव्हतं. चिमीने विचारलंही नव्हतं.

"मशीनला कळलं कसं गं पण?" थोरलीने हळूच विचारलं. तिच्या आवाजात लाज होतीच, पण तिला जाणूनही घ्यायचं होतं. "आम्ही इथे बोललो, ओट्यापाशी. फोन तिथे बाजूला होता. ऐकतो का तो?"

"नाही. ऐकत नाही."

"मग?"

चिमी ताटली पुसत राहिली. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"उद्या बघून सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने बाद झालेल्या उत्तरपत्रिका उघडल्या आणि जोड्या लावून शेजारी शेजारी ठेवल्या. हे तिने आधीच करायला हवं होतं. एका फोनवरून आलेल्या उत्तरांत साम्य नव्हतंच म्हणायला हरकत नाही. एकीची आठ बरोबर, तर दुसरीची चार. आई आणि मुलगी, सासू आणि सून, शेजारणी. एका शिवणकामाच्या कारखान्यातून सात जणींनी एकाच फोनवरून परीक्षा दिली होती आणि सातही जणींची वेगवेगळी कोडी चुकली होती. कॉपी करणाऱ्यांच्या निदान चुका तरी सारख्या असतात. चिमीच्या नियमाने उत्तरांकडे पाहिलंच नव्हतं. त्याने फक्त फोन पाहिला होता.

ती मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मॅडम वयाने आईएवढ्या, आणि त्यांना कुणावर ओरडताना संस्थेत कुणी पाहिलं नव्हतं. आताही त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"मेसेज माझ्या सहीने गेलाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी तुला विचारलं होतं, इतक्या? त्याच वेळी दोघींच्याही डोक्यात यायला हवं होतं. माझ्याही." त्यांनी चष्मा पुसला. "ज्या बाईजवळ स्वतःचा फोन नाही, तिच्यासाठी आपण हा वर्ग काढला. आणि तिच्याजवळ स्वतःचा फोन नाही म्हणून तिला काढून टाकलं. छान."

चिमी जमिनीकडे बघत होती.

"सगळ्यांना दुसरा मेसेज पाठवते मी. माफीचा," ती म्हणाली.

"मेसेज नको. फोन कर. तूच कर. सगळ्यांना."

"आणि माझ्या घरच्या दोघी आहेत त्यात," चिमी म्हणाली. तिने पाचव्या प्रश्नाचंही सांगितलं. ते सांगताना आपण वहिनीची चहाडी करतोय असं तिला वाटलं, पण अर्धं सांगून काय होतं ते तिने आदल्या दिवशीच पाहिलं होतं.

मॅडमनी चष्मा परत लावला. "स्वतः सोडवा, असं लिहिलं होतं आपण. त्यामुळे पाचवा दोघींचाही सोडून दे. उरलेले नऊ तपास."

उरलेल्या नऊंत थोरलीची सगळी बरोबर होती आणि धाकटीची सात. दोघी निवडीत आरामात बसत होत्या. बाहेरच्या खोलीत, चिमीच्या टेबलाच्या पलीकडे, दोघं सहकारी एका स्क्रीनपुढे डोकं घालून बसले होते. "हे असं का करतंय रे?" "थांब, तो भाग आधी चालवून बघ." ती स्वतः दिवसातून कितीदा तरी उठून असंच विचारून यायची. त्याला कुणी नक्कल म्हणत नव्हतं. त्यालाच ऑफिसात काम म्हणत.

तिने फोन करायला घेतले.

पहिला फोन एका पुरुषाने उचलला. "ती कामात आहे. काय ते मला सांगा."

चिमीने सांगितलं.

"म्हणजे तिने काही केलेलं नाही?"

"नाही. चूक आमची होती."

"नक्की ना?" त्याने पुन्हा विचारलं. "कारण मी तिला बरंच बोललोय."

"मला त्यांच्याशीच बोलता येईल का?"

"सांगतो मी," तो म्हणाला आणि फोन ठेवला. तो खरंच सांगेल की नाही, हे कळायला चिमीजवळ काही मार्ग नव्हता. तिने त्या नावापुढे खूण केली, संध्याकाळी पुन्हा करायचा म्हणून.

एका घरी कॉलेजातल्या मुलीने उचलला. तिने आणि तिच्या आईने मिळून अर्ज केले होते. "आई रडत होती," ती म्हणाली. "म्हणत होती, मी नाही गं केली. आणि मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं आई, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, कबूल करून टाक." मग तीच पुढे म्हणाली, "मी कॉम्प्युटरच शिकतेय कॉलेजात. निदान मला तरी कळायला हवं होतं."

शिवणकामाच्या कारखान्यात फोन स्पीकरवर टाकला गेला, मागे मशीनं चालू होती. "ए, बंद करा जरा, सुटलो आपण," कुणीतरी ओरडलं. मग एक जाड आवाज म्हणाला, "बाई, तुमचं मशीन माझ्या सासूसारखं आहे. काही न बघता ठरवतं." सगळ्या हसल्या. चिमीही हसली, आणि हसताना तिला कळलं की त्या तिच्यासाठीच हसतायत, तिला सोपं जावं म्हणून. त्यामुळे ते आणखीच कठीण गेलं. सातपैकी पाच जणी येतो म्हणाल्या. उरलेल्या दोघींनी नको म्हटलं. मालकाला कळलं होतं आणि त्याने काय ते ऐकवून झालं होतं.

सगळ्यात वाईट फोन त्यातल्या त्यात शांत होता. एका बाईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वाटलंच की मी काही केलं नाही. पण मग वाटलं, नकळत झालं असेल. काहीतरी बटण चुकीचं दाबलं गेलं असेल. मला कुठे त्यातलं कळतं? मशीन म्हणतंय म्हणजे असेल." चिमी म्हणाली, "नव्हतं. तुमची दहापैकी नऊ बरोबर आहेत." "हो का?" ती बाई म्हणाली. तिचा विश्वास बसला नाही हे आवाजावरून कळत होतं. "बघते. यांना विचारून सांगते." तिचा पुन्हा फोन आला नाही.

ते काम संपायला पुढचा दिवसही गेला. आदल्या दिवशी घरी गेल्यावर चिमीने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं आणि जेवायला बाहेर आली नव्हती. डोकं दुखत होतंच, पण तेवढ्यासाठी ती जेवण चुकवणारी नव्हती. थोरली दारात येऊन विचारून गेली, "दूध देऊ का गरम करून?" चिमी नको म्हणाली. थोरली थोडी थांबली, आणि मशीनला कसं कळलं ते तिने विचारलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र सगळे बसले, आणि कुणी पहिला घास घ्यायच्या आत चिमी म्हणाली, "थांबा. मला सांगायचंय."

तिने सगळं सांगितलं, प्रयोगाची वही वाचावी तसं, क्रमाने. नियम कुणी लिहिला, तो काय बघतो, काय बघत नाही. फोनवरची खूण. उत्तरं कुणी ताडून पाहिलीच नव्हती हे. दोघींचे किती बरोबर आले आणि दोघींना प्रवेश मिळालाय हेही.

"म्हणजे नवीन फोन घ्यायचा कंटाळा आम्ही केला," धाकटा दादा म्हणाला, "आणि चोर या ठरल्या." तो कुणाकडे न बघता बोलला.

"पण मग पाचव्याचं कळलं कसं त्यांना?" आईने विचारलं.

"कळलंच नव्हतं, आई. कुणालाच."

थोरली वहिनी चिमीच्या समोरच बसली होती. आज ती वाढायला उठली नव्हती. "म्हणजे मी त्या दिवशी बोलले नसते, तर?"

"तर कुणालाच कळलं नसतं."

"पण सांगितलं तर होतंच ना उत्तर," थोरला दादा म्हणाला. तो वाईट हेतूने म्हणत नव्हता. त्याला हिशोब लावायचा होता. "ते काही खोटं नव्हतं."

धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो ताटाकडे बघायला लागला.

"चिमी," थोरली म्हणाली. "तू इथेच बसली होतीस ना? मेसेज वाचला तेव्हा तुला माहीत होतं हे?"

"अंदाज होता."

"चिमे."

"माहीत होतं."

"मी बोलायच्या आधी?"

"हो."

"आणि नंतर सिंकपाशी मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही."

थोरलीने मान हलवली, उत्तराचा ताळा जमल्यासारखी.

"मला लाज वाटली, वहिनी," चिमी म्हणाली. "म्हणून नाही बोलले."

"मलाही वाटली होती," थोरली म्हणाली. "मी तरी बोलले."

आईने विषय बदलायचा म्हणून काहीतरी विचारलं आणि मग स्वतःच अर्धवट सोडून दिलं. चिमीने रडायचं नाही असं ठरवलं होतं, कारण ती रडली असती तर सगळ्यात आधी थोरलीच उठली असती, आणि ते तिला नको होतं.

"ताई येणार नसतील तर मी पण जाणार नाही," धाकटी म्हणाली.

"कोण म्हणतंय येणार नाही?" थोरलीने ताट पुढे ओढलं. "येणार आहे मी. नऊच्या नऊ बरोबर आलेत माझे. पण तू शिकवतेस त्या वर्गात नको, चिमी. दुसरा आहे ना एक?"

"आहे."

"त्यात घाल मला."

संस्थेत दोन वर्ग शेजारी शेजारी भरतात, मध्ये काचेची भिंत. धाकटी चिमीच्या वर्गात बसते, थोरली पलीकडे. दुपारी घर आईच बघते. समोरच्या बाईंना तिने सगळी हकीकत सांगितली आहे, पाचवा प्रश्न सोडून. नवीन फोनही आला. तो थोरल्या दादाने आणला आणि न बोलता बायकोच्या उशाशी ठेवला. घरात थोरली चिमीशी पूर्वीसारखीच बोलते. भाजी काय करू, तुझा निळा कुर्ता धुवायला टाकला का, आज उशीर का झाला. फक्त चिमी लॅपटॉप उघडून बसली की ती मागे येऊन उभी राहत नाही. चिमी एकदा मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "हे लाल का होतंय कळत नाहीये." थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. "बाईंना विचारते मी माझ्या," ती म्हणाली, आणि घड्या घालत राहिली.

पलीकडचा वर्ग ज्या बाई घेतात त्या परवा चहाच्या वेळी चिमीच्या टेबलाशी आल्या. "तुझी वहिनी फार पुढे जाणार बरं का," त्या म्हणाल्या. "आणि शिस्त केवढी. शेजारची वाकून बघायला लागली की स्क्रीन वळवून घेते. बाकीच्या नुसत्या एकमेकींच्यात तोंडं घालून बसलेल्या असतात. मी तर आता सगळ्यांना हिचंच उदाहरण देते."

चिमीने कप खाली ठेवला. बाई कौतुकाने सांगत होत्या. त्या गेल्यावर ती काचेपाशी जाऊन उभी राहिली. थोरली मागून दुसऱ्या रांगेत होती. तिच्या शेजारी कारखान्यातली एक बाई बसली होती, जाड आवाजाची असावी, आणि ती कुठेतरी अडली होती. ती स्क्रीनकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं. तिला उत्तर येत होतं, हे चिमीला काचेपलीकडूनसुद्धा दिसलं, चेहऱ्यावर ते उमटलं होतं. मग तिने बाईंच्या टेबलाकडे एकदा नजर टाकली, आणि आपली स्क्रीन हाताने थोडी पलीकडे वळवली.